ऑस्ट्रेलियातील आदिवासींची अस्मिता व दैनंदिन जीवन

ऑस्ट्रेलिया खंडाच्या मूळ रहिवाशांची स्वतःविषयीची जाणीव आणि ही जाणीव ज्यांतून प्रकट होते ते नित्याचे आचार, भाषा, आप्तसंबंध व भूमीशी असलेले नाते. यूरोपीय वसाहतीस १७८८ मध्ये प्रारंभ झाला. त्यानंतर, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, ‘आदिवासी कोणास म्हणावे’ हा प्रश्न शासनाने कायद्याने सोडविला आणि त्यासाठी रक्ताचा अंश हे माप वापरले. आदिवासी समाज याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने देत आला : माणसाचे आप्त कोण, त्याची भूमी कोणती आणि कोणाप्रती त्याचे काय कर्तव्य आहे, यांवरून तो कोण हे ठरते. या दोन उत्तरांतील संघर्ष हाच आदिवासी अस्मितेच्या इतिहासाचा गाभा होय. हा संघर्ष न्यायालयांत व संसदेत झाला, तसाच तो स्वयंपाकाच्या चुलीपाशी, अंत्यविधीच्या वेळी आणि अन्नाच्या वाटणीतही झाला.

संज्ञा व नावे : इंग्रजीतील ‘ॲबोरिजिनल’ हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘आरंभापासूनचे’ असा आहे. मराठीत त्यासाठी ‘आदिवासी’ हा शब्द रूढ आहे. तथापि भारतातील अनुसूचित जमाती व ऑस्ट्रेलियातील हे समाज यांचे इतिहास सर्वस्वी भिन्न आहेत. भारतातील जुन्या मानवशास्त्रीय ग्रंथांत काही जमातींची गणना ‘प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड’ वंशात केलेली आढळते. शारीरिक लक्षणांवर आधारलेली अशी वंशवर्गीकरणे आता शास्त्रशुद्ध मानली जात नाहीत.

‘ॲबोरिजिनल’ हे नाव बाहेरून आलेले आहे. १७८८ पूर्वी या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या आणि लोक स्वतःस आपल्या भाषेच्या, कुळाच्या किंवा भूमीच्या नावाने ओळखत. आजही न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरियात ‘कूरी’, क्वीन्सलँडमध्ये ‘मरी’, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात ‘नूंगार’, टास्मानियात ‘पलावा’, तर आर्नहेम लँडच्या ईशान्येस ‘योल्ङु’ ही नावे प्रचारात आहेत. ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्या दरम्यान असलेल्या टॉरस सामुद्रधुनीतील बेटांचे रहिवासी हा मेलानीशियन संस्कृतीशी निकट असलेला निराळा समाज असून त्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करतात.

प्राचीनता : ऑस्ट्रेलियातील मानवी वस्ती किमान ५०,००० वर्षांची आहे, याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. उत्तरेकडील माजेदबेबे या शैलाश्रयातील अवशेषांवरून काही संशोधक हा काळ ६५,००० वर्षांपर्यंत मागे नेतात. न्यू साउथ वेल्समधील मंगो सरोवराच्या कोरड्या पात्रात १९६८ मध्ये एका स्त्रीचे व १९७४ मध्ये एका पुरुषाचे अवशेष सापडले. हे अवशेष सु. ४०,००० वर्षांपूर्वीचे असून स्त्रीच्या शवाचे दहन झाले होते, तर पुरुषाच्या शवावर गेरू शिंपडलेला होता. मृतांविषयीच्या विधींचा हा जगातील अतिप्राचीन पुरावा होय. अधिक अभ्यासासाठी अन्यत्र नेलेले हे अवशेष १९९२ व २०१७ मध्ये तेथील आदिवासींच्या स्वाधीन करण्यात आले. शास्त्रज्ञांना जे पुरातन अस्थींचे नमुने वाटत होते, ते स्थानिकांच्या दृष्टीने अंत्यविधीस मुकलेले पूर्वज होते.

भूमी : आदिवासींच्या इंग्रजी बोलीत ‘कंट्री’ हा शब्द देश किंवा ग्रामीण प्रदेश या अर्थाने येत नाही. विशिष्ट कुळाशी जोडलेली जमीन, तीवरील पाणवठे, प्राणी, वनस्पती, वारा, पूर्वजांच्या कथा आणि त्या कथा सांगण्याचा अधिकार, या सर्वांचा त्यात समावेश होतो. या भूमीची घडण आद्य पूर्वजांनी आपल्या संचारातून केली, अशी श्रद्धा आहे. डोंगर, झरे व खडक ही त्यांच्या मार्गावरील पदचिन्हे होत. मध्य ऑस्ट्रेलियातील अरर्न्टे (जुन्या ग्रंथांतील ‘अरुंटा’) लोकांची या संदर्भातील संज्ञा बॉल्डविन स्पेन्सर व फ्रँक गिलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदविली आणि ‘स्वप्नकाल’ असा तिचा अर्थ केला. वॉर्लपिरी लोक यास ‘जुकुर्पा’ व पिट्यंट्यट्यारा लोक ‘ट्युकुर्पा’ म्हणतात. हा काळ संपून गेलेला भूतकाळ नव्हे, हे मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९५३ मधील आपल्या निबंधात स्पष्ट केले. त्यांच्या मते तो सर्वकाळ विद्यमान असतो, आणि विधी, गीत, चित्र व नित्याचे आचरण यांतून माणूस त्यात सहभागी होतो. प्रत्येक व्यक्तीस जन्माने किंवा गर्भधारणेच्या स्थानावरून एखादा प्राणी, वनस्पती वा नैसर्गिक घटक कुलप्रतीक म्हणून लाभतो. महाराष्ट्रातील देवकाच्या कल्पनेशी याचे काहीसे साम्य असले, तरी ऑस्ट्रेलियात कुलप्रतीक हे विशिष्ट स्थळाची जबाबदारीही सोपविते.

या जबाबदारीस व्यावहारिक बाजू आहे. ठरावीक ऋतूत गवत व झुडपे थोड्या थोड्या क्षेत्रात जाळून नवे गवत उगवू द्यावयाचे आणि मोठ्या वणव्यांना आळा घालावयाचा, ही पद्धत खंडभर होती. पुरातत्त्वज्ञ ऱ्हिस जोन्स यांनी तीस १९६९ मध्ये ‘कोलितशेती’ अशा अर्थाचे नाव दिले. व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्य भागातील गुंडिट्जमारा लोकांनी ज्वालामुखीच्या खडकांत पाट व बांध घालून ईल माशांच्या संवर्धनाची योजना केली होती. तिचा प्राचीनतम भाग सु. ६,६०० वर्षांपूर्वीचा असून २०१९ मध्ये बुज बिम या नावाने तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. काकाडू प्रदेशात वर्षाचे सहा ऋतू मानतात. कोणत्या ऋतूत कोणते फूल उमलले म्हणजे कोणता प्राणी पुष्ट झाला असे समजावे, याचे ज्ञान मुले मोठ्यांबरोबर हिंडताना मिळवितात. हे लोक केवळ भटके व भूमीचा कोणताही विकास न करणारे होते, ही वसाहतवाद्यांची समजूत यावरून निराधार ठरते. परंतु त्याच समजुतीवर खंडाची मालकी उभारली गेली.

आप्तसंबंध : आदिवासी समाजात परका माणूस असा जवळजवळ नसतोच, ज्याच्याशी व्यवहार करावयाचा, त्याचे नाते आधी निश्चित करावे लागते. पित्याचा भाऊ हा पिताच आणि मातेची बहीण ही माताच समजतात. त्यामुळे चुलत व मावस भावंडे ही सख्खी भावंडे ठरतात, तर आते-मामे भावंडे निराळ्या गटात पडतात. इंग्रजीत या सर्वांना एकच शब्द असल्याने वसाहतीतील अधिकाऱ्यांचा गोंधळ उडे. मराठी वाचकास मात्र हा भेद सहज कळण्याजोगा आहे.

पुष्कळ जमातींत संपूर्ण समाज दोन, चार किंवा आठ वर्गांत विभागलेला असतो. योल्ङु लोकांत माणसेच नव्हेत तर प्राणी, वारे व स्थळे यांचीही धुवा व यिरिट्जा अशा दोन अर्धकांत विभागणी केलेली असते, आणि विवाह भिन्न अर्धकांतच होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील करिएरा जमातीच्या बनाका, बुरुंग, करिमेरा व पालयेरी या चार वर्गांचे वर्णन ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. बनाका पुरुषाने बुरुंग स्त्रीशी विवाह करावयाचा. त्यांची अपत्ये पालयेरी वर्गात जातात, तर पालयेरी पुरुषाची अपत्ये पुन्हा बनाका होतात. अशा रीतीने आजोबा व नातू एकाच वर्गात येतात. वॉर्लपिरी लोकांत आठ वर्ग असून पुरुषांची वर्गनामे ‘ज’ने व स्त्रियांची ‘न’ने सुरू होतात, उदा., जकामारा-नकामारा, जंपिजिन्पा-नंपिजिन्पा. इंग्रजी बोलताना लोक यांस ‘स्किन’ म्हणतात, मात्र त्याचा त्वचेच्या वर्णाशी काहीही संबंध नाही. समाजात दीर्घकाळ राहणाऱ्या परिचारिकेस वा शिक्षकासही असे वर्गनाम देतात. त्यामुळे त्याने कोणाची थट्टा करावी, कोणापुढे मौन धरावे आणि कोणास मदत नाकारू नये, हे आपोआप ठरते.

नित्याचे आचार : या नात्यांचे नियम रोजच्या लहानसहान गोष्टींत पाळले जातात. जावयाने सासूसमोर येऊ नये व तिच्याशी थेट बोलू नये, हा नियम फार मोठ्या प्रदेशात आढळतो. ईशान्य क्वीन्सलँडमधील जिर्बल भाषेत अशा आप्तांच्या सान्निध्यात बोलण्यासाठी वेगळा शब्दसंग्रह होता, भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी त्याचा अभ्यास केला. त्याच प्रदेशातील गुगु यिमिथिर भाषेत डावे-उजवे असा व्यवहार नसून हाताजवळची वस्तूही पूर्वेस वा उत्तरेस आहे, असे सांगतात. ‘कांगारू’ हा शब्द १७७० मध्ये याच भाषेतून नोंदला गेला. मृत व्यक्तीच्या नावाचा काही काळ उच्चार करीत नाहीत. मध्य ऑस्ट्रेलियात त्याच नावाच्या जिवंत व्यक्तीसही त्या काळात ‘कुमंजयी’ यासारख्या पर्यायी नावाने हाक मारतात. ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणीवर मृत आदिवासींची चित्रे वा नावे दाखविण्यापूर्वी पूर्वसूचना देण्याचा प्रघात यातूनच पडला. अंत्यविधीस आप्तांनी उपस्थित राहणे अनिवार्य असते आणि त्यासाठी लोक शेकडो किलोमीटरांचा प्रवास करतात. कारखान्याचा वा शाळेचा नियम व हे कर्तव्य यांत विरोध आला, तर बहुधा कर्तव्य श्रेष्ठ ठरते आणि अनुपस्थितीची नोंद आळस म्हणून होते.

अन्नाच्या वाटणीचेही असेच आहे. शिकारीत मिळालेल्या कांगारूचा कोणता भाग कोणत्या आप्तास द्यावयाचा, हे पुष्कळ ठिकाणी ठरलेले असते. मागणाऱ्यास देणे हे औदार्य नव्हे, ते नात्याचे पालन होय. म्हणून आभार मानण्याचीही फारशी रीत नाही. मोहिमा व सरकारी वस्त्यांत शिधा म्हणून पीठ, साखर व चहा मिळू लागल्यावर जात्यावर भरडलेल्या रानबियांच्या भाकरीची जागा मैद्याच्या ‘डॅम्पर’ने घेतली. पदार्थ बदलला, वाटणीचा नियम मात्र टिकला. पगार व निवृत्तिवेतन यांनाही तो लागू झाला. आदिवासी जीवनातील सातत्य कोठे शोधावे, याचे उत्तर या उदाहरणात मिळते.

शासनाची व्याख्या : वसाहतीच्या विस्ताराबरोबर देवीसारखे साथीचे रोग, जमिनीचे अपहरण व सशस्त्र हत्याकांडे यांमुळे मूळ लोकसंख्या झपाट्याने घटली. ती १७८८ मध्ये किती होती, याविषयीचे अंदाज तीन लाखांपासून दहा लाखांपर्यंत आहेत. उरलेल्या लोकांसाठी वसाहतींनी ‘संरक्षणा’चे कायदे केले. व्हिक्टोरियाच्या १८६९ च्या कायद्याने आदिवासींनी कोठे राहावे, कोणते काम करावे व मुलांचे पालन कसे व्हावे, हे ठरविण्याचा अधिकार एका मंडळास दिला. आदल्याच वर्षी, १८६८ मध्ये, मुख्यतः पश्चिम व्हिक्टोरियातील आदिवासी खेळाडूंचा क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये ४७ सामने खेळला होता. परदेशी गेलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन संघ होय. त्यातील जॉनी मुलाघ (मूळ नाव उनारीमिन) याने त्या दौऱ्यात १,६९८ धावा व २४५ बळी मिळविले. मायदेशी अशा खेळाडूंनाही राहण्याच्या जागेसाठी मंडळाच्या आज्ञेखाली यावे लागले.

व्हिक्टोरियातच १८८६ मध्ये दुसरा कायदा झाला. त्यानुसार चौतीस वर्षांखालील मिश्ररक्ताच्या व्यक्तींना आदिवासी मानले जाणार नव्हते व त्यांनी वस्त्या सोडून जावयाचे होते. मेलबर्नजवळच्या कोरँडर्क वस्तीतील लोकांनी हॉपची शेती यशस्वी करून दाखविली होती आणि विल्यम बराक यांच्या नेतृत्वाखाली शासनाकडे वारंवार अर्ज-विनंत्या केल्या होत्या. या कायद्याने तेथील कर्ती पिढी बाहेर पडली, वस्ती दुर्बल झाली व १९२४ मध्ये ती बंद करण्यात आली. एकाच घरातील आजी आदिवासी आणि नातू आदिवासी नव्हे, असा प्रकार घडू लागला.

क्वीन्सलँड (१८९७), पश्चिम ऑस्ट्रेलिया (१९०५) व न्यू साउथ वेल्स (१९०९) यांनी अशाच धर्तीचे कायदे केले. न्यू साउथ वेल्समध्ये १९१५ च्या दुरुस्तीनंतर न्यायालयात उपेक्षा सिद्ध न करताही मूल पालकांपासून काढून नेता येई. मुलींसाठी कूटामंड्रा (१९१२) व मुलांसाठी किंचेला (१९२४) येथे निवासगृहे उघडली. तेथे मुलांना स्वभाषा बोलण्यास मनाई असे. संघराज्याच्या मानवी हक्क आयोगाच्या १९९७ मधील अहवालानुसार १९१० ते १९७० या काळात दर तिघांपैकी एक ते दर दहांपैकी एक, या प्रमाणात आदिवासी मुले कुटुंबापासून तोडली गेली. त्यांना ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. पोलीस व तुरुंगाच्या कोठडीतील ९९ आदिवासींच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगास (१९८७–९१) असे आढळले, की त्यांपैकी ४३ जण बालपणी कुटुंबापासून दुरावलेले होते.

सवलतीची प्रमाणपत्रे हा या धोरणाचा दुसरा प्रकार होय. न्यू साउथ वेल्समध्ये १९४३ पासून आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४४ च्या कायद्यान्वये काही आदिवासींना निर्बंधांतून मुक्त करणारे दाखले मिळत. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यासाठी निकटचे कुटुंबीय सोडून इतर आदिवासींशी संबंध तोडावे लागत. लोक या दाखल्यांना उपहासाने ‘कुत्र्याचे परवाने’ म्हणत.

चित्रकार आल्बर्ट नामातजिरा (१९०२–५९) यांच्या जीवनात या दोन व्यवस्थांतील विरोध टोकास गेला. पश्चिम अरर्न्टे समाजातील नामातजिरा यांची जलरंगातील निसर्गचित्रे देशभर गाजली. त्या वेळी नॉर्दर्न टेरिटरीतील बहुतेक सर्व आदिवासी कायद्याने शासनाचे पाल्य होते. नामातजिरा व त्यांची पत्नी यांना १९५७ मध्ये त्यातून वगळून नागरिकत्वाचे हक्क देण्यात आले. त्यांच्या मुलांना व इतर आप्तांना मात्र ते मिळाले नाहीत. नागरिकास मद्य विकत घेता येई, पाल्यास ते देणे हा गुन्हा होता. नामातजिरा यांनी आपल्याच समाजातील एका सहचित्रकारास मद्य दिल्याचा आरोप १९५८ मध्ये सिद्ध झाला. सहा महिन्यांची शिक्षा अपिलात तीन महिन्यांवर आली आणि तिचे सु. दोन महिने त्यांनी पापुन्या येथे भोगले. सुटकेनंतर थोड्याच अवधीत, ८ ऑगस्ट १९५९ रोजी, त्यांचे निधन झाले. जे जवळ आहे ते आप्तांना देणे हा त्यांच्या समाजातील सदाचार होता. नागरिकत्वाच्या अटीत नेमका तोच अपराध ठरला.

टास्मानियाचे उदाहरण : ट्रुगानिनी या स्त्रीच्या मृत्यूनंतर (१८७६) टास्मानियातील आदिवासी नामशेष झाले, असे जाहीर करण्यात आले. तिच्या इच्छेविरुद्ध तिचा सांगाडा १९०४ ते १९४७ या काळात होबार्टच्या संग्रहालयात प्रदर्शनार्थ ठेवला होता; १९७६ मध्ये त्याचे दहन करून रक्षा समुद्रात विसर्जित करण्यात आली. वस्तुतः बॅस सामुद्रधुनीतील बेटांवर आदिवासी स्त्रिया व यूरोपीय सील-शिकारी यांचे वंशज राहत होते. दरवर्षी ठरावीक काळात समुद्रपक्ष्यांची पिले धरणे आणि शंखशिंपल्यांच्या माळा ओवणे, ही कामे त्यांच्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. शाळेच्या पुस्तकांत हा समाज अस्तित्वातच नव्हता, तेव्हा तो या दोन कामांमधून स्वतःस ओळखत होता. उपलब्ध नोंदींवरून नव्याने जुळविलेली ‘पलावा कानी’ ही भाषा आता तेथे मुलांना शिकविली जाते.

चळवळ व कायदा : विल्यम कूपर, विल्यम फर्ग्युसन व जॅक पॅटन या नेत्यांनी वसाहतीच्या दीडशेव्या वर्षदिनी, २६ जानेवारी १९३८ रोजी, शोकदिन पाळला. पुढील वर्षी कमराघुंजा वस्तीतील दीडशेहून अधिक रहिवासी व्यवस्थापकाच्या जाचास कंटाळून मरी नदी ओलांडून निघून गेले. योल्ङु लोकांनी १९६३ मध्ये झाडाच्या सालीवर रंगविलेले अर्ज संसदेस सादर केले. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी गुरख्यांनी वेव्ह हिल येथील काम सोडले. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी त्यांच्या हातात मूठभर माती घालून जमिनीचा ताबा दिला.

दि. २७ मे १९६७ च्या सार्वमताविषयी एक गैरसमज रूढ आहे. त्याने आदिवासींना मताधिकार दिला नाही. राष्ट्रीय निवडणुकांतील मताधिकार १९६२ मध्येच मिळाला होता. लोकसंख्येच्या गणनेतून आदिवासींना वगळणारे संविधानातील कलम या सार्वमताने रद्द झाले आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार संघराज्यास मिळाला. ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यास अनुमती दिली. १९६६ च्या जनगणनेत वंशाचा अपूर्णांक विचारला होता. १९७१ मध्ये मिश्र वंशाच्या व्यक्तीने स्वतःस ज्यातील समजते, तो वंश सांगावा, असा बदल झाला. त्यानंतर वंशपरंपरा, स्वतःची मान्यता व समाजाची मान्यता या तीन निकषांची व्याख्या प्रशासनात रूढ झाली. ‘आदिवासी कोण’ या प्रश्नात समाजास मत मिळाले, ते येथे प्रथम.

भूमीच्या हक्काचा मार्ग अधिक खडतर होता. योल्ङु लोकांच्या दाव्यात १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्यांच्याकडे सुव्यवस्थित कायदापद्धती आहे हे मान्य केले, परंतु तीमधून मालमत्तेचा हक्क निर्माण होत नाही, असा निर्णय दिला. नॉर्दर्न टेरिटरीपुरता भूमिहक्काचा कायदा १९७६ मध्ये झाला. टॉरस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी माबो व त्यांचे सहकारी यांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलिया ही निर्नायकी भूमी होती, ही कल्पना फेटाळली. या खटल्यात बागांच्या हद्दी व त्यांचा वारसा यांविषयी बेटवासीयांनी दिलेल्या साक्षी महत्त्वाच्या ठरल्या. माबो यांचे निकालापूर्वीच, त्याच वर्षीच्या जानेवारीत, निधन झाले होते.

तथापि १९९३ च्या मूलस्वामित्व कायद्यानुसार परंपरेचे अखंड पालन सिद्ध करावे लागते. कमराघुंजा वस्ती ज्यांच्या भूमीवर होती, त्या योर्टा योर्टा लोकांचा दावा १९९८ मध्ये व अंतिमतः २००२ मध्ये फेटाळला गेला. परंपरेचा धागा एकोणिसाव्या शतकातच तुटला, असे न्यायालयाने मानले आणि त्यासाठी वृद्धांच्या साक्षींपेक्षा एडवर्ड कर या तत्कालीन यूरोपीय जमीनदाराच्या लिखाणास अधिक वजन दिले. ज्या शासनाने वस्त्या बंद केल्या, भाषा बोलू दिल्या नाहीत व मुले काढून नेली, त्याच्याच कायद्यापुढे सातत्याचा पुरावा मागितला गेला. डॅम्परच्या वाटणीत जे सातत्य दिसते, ते या कसोटीत बसत नाही. कारण ती जुन्या आचाराचे बाह्य रूप शोधते, त्याखालील नात्याचा नियम शोधत नाही. याउलट फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला, की तीन निकषांत बसणारा आदिवासी परदेशात जन्मलेला व अनागरिक असला, तरी ऑस्ट्रेलियात ‘परकीय’ ठरू शकत नाही.

सद्यःस्थिती : आदिवासी म्हणजे वाळवंटातील शिकारी, हे चित्र वस्तुस्थितीस धरून नाही. पाचांपैकी चारांहून अधिक आदिवासी शहरांत व तालुक्यासारख्या गावांत राहतात. सिडनीच्या रेडफर्न भागात त्यांनी स्वतःच्या कायदेविषयक (१९७०) व वैद्यकीय (१९७१) सेवासंस्था स्थापन केल्या. तेथील मुले इंग्रजी बोलतात. परंतु वडीलधाऱ्या कोणत्याही आदिवासी स्त्रीस ‘आँटी’ म्हणणे, भावंडांची मुले सांभाळणे व अंत्यविधीस गावी जाणे, हे नियम शहरातही पाळले जातात. दोन अनोळखी आदिवासी भेटले, म्हणजे आधी ‘तुमचे लोक कोणते?’ असे विचारतात. ग्रामीण महाराष्ट्रात ‘आपण कुठले? कोणापैकी?’ असे विचारून पाहुण्याचे नातेगोते लावतात, त्याच जातीचा हा प्रश्न आहे. लहानपणी कुटुंबापासून तोडल्या गेलेल्या व्यक्तीस मात्र याच प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. चोरलेल्या पिढ्यांचे दुःख मुख्यतः येथे आहे.

सन २०२१ च्या जनगणनेत ८,१२,७२८ व्यक्तींनी स्वतःस आदिवासी किंवा टॉरस सामुद्रधुनी बेटवासी म्हणून नोंदविले. २०१६ मध्ये ही संख्या ६,४९,१७१ होती. ही वाढ केवळ जन्मांमुळे झालेली नसून, पूर्वी ही ओळख न सांगणारे अनेकजण आता ती सांगतात. घरात मूळ भाषा बोलणारे सु. ७७,००० होते आणि नव्याने घडलेल्या क्रिओल भाषांचा त्यांत मोठा वाटा आहे. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी चोरलेल्या पिढ्यांची संसदेत क्षमा मागितली. उलुरू या पवित्र खडकावर चढण्यास २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे. उलट, आदिवासी व बेटवासी यांचे सल्लागार मंडळ संविधानाने स्थापावे, हा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सु. साठ टक्के मतांनी व सहाही राज्यांत नाकारला गेला. तुरुंगातील प्रौढ कैद्यांत आदिवासींचे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक आहे, एकूण लोकसंख्येत मात्र ते चार टक्क्यांहून कमी आहे. अशा रीतीने राजकीय मान्यता कधी पुढे जाते, कधी मागे येते. त्या मान्यतेवर न विसंबता चालू राहिलेले व्यवहार, म्हणजे नाते लावणे, वाटून खाणे, मृतांचे नाव न घेणे व आपल्या भूमीची कथा मुलांना सांगणे, हेच आदिवासी अस्मितेचे प्रमुख आधार राहिले आहेत.